कच्चा आराखडा

पाकसेच्या बसथांब्याजवळ, पत्र्याच्या छपराखाली
माझं टेबल आहे. एक पंखा, एक नकाशा, दोन देश.
परदेशी माणसं येतात पाठीवर घर घेऊन,
विचारतात, लाओसला चार दिवस पुरतील का,
कंबोडियाला सहा?
मी म्हणते, पुरतील.
अकरा वर्षं म्हणतेय.

धबधब्यापाशी एक रात्र, बेटावर दोन,
मग नोंग नोक खियेनला उतरा, सामान आपलं आपण उचला,
शिक्क्याचे पैसे सुटे ठेवा,
वाद घालू नका, ऊन फार असतं.
हे मी झोपेतही बडबडते, असं नवरा सांगतो.
त्या शिक्क्याच्या पलीकडे
मी एकदाही गेलेले नाही.

बुधवारी आई आली,
अत्तापूहून, बदकांच्या ट्रकमधून,
केसांत एक पीस अडकलेलं.
गिऱ्हाईक बसतं तशी समोर बसली, पिशवी मांडीवर.
म्हणाली, स्तुंग त्रेंगला जायचंय. केओला भेटायला.
लिही.

केओ म्हणजे माझी मावशी.
ताटातूट झाली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते,
दुधाचे.
आता ती तिथे बाजारात चपला शिवते
असं एक मासळीवाला सांगून गेला.
पत्ता एवढाच.

मी लिहिलं, सकाळी आठची व्हॅन.
व्हॅन नको, होडी, आई म्हणाली.
सेकोंग आपल्या मागच्या दाराने जाते
आणि केओच्या गावात मोठ्या नदीला मिळते.
सरळ वाट सोडून
तू मला इथे पाकसेला कशाला फिरवतेस?
मी म्हटलं, तिथवर होडी नाही जात आता.
पाणी तर जातं, ती म्हणाली
आणि पंखा स्वतःकडे वळवून घेतला.

मी लिहिलं, पासपोर्ट. फोटो दोन, कान दिसायला हवेत.
मग तिचे प्रश्न सुरू झाले.
मीठ तिकडे काय भावाने मिळतं.
पादेकची बरणी बसमध्ये घेऊ देतात का,
आंबलेल्या मासळीच्या वासाने शिक्का मारणारा साहेब
चिडेल, की त्याला भूक लागेल.
त्यांचे पैसे कसे दिसतात, दाखव.
मी खणातून रिएलच्या चार नोटा काढल्या.
तिने एक उन्हात धरली,
अंगठ्याने चोळली, कापड पारखावं तशी.
केओला आपली भाषा येत असेल का अजून,
हे तिने नोटेलाच विचारलं.

मग म्हणाली, किती दिवस पुरतील?

पेन माझ्या हातात होतं.
चौकटी आखलेल्या होत्या, वार घातलेले होते.
बाहेर कुणीतरी कलिंगडं उतरवत होतं,
एक, दोन, एक, दोन.
मी परतीच्या रकान्यावर हात ठेवून बसले.

तेवढ्यात एक जोडपं आलं, घामाने लाल झालेलं.
आईने उठून त्यांना खुर्ची दिली,
डब्यातला चिकट भात पुढे केला,
आणि मी नेहमीचं सगळं सांगत असताना
माझ्याकडे अशी बघत राहिली
जशी मी तिकडूनच आलेय.
ते गेल्यावर म्हणाली, दोन जागा लिही.
मी म्हटलं, रजा नाही गं, हा हंगाम आहे.
ती म्हणाली, लिहायला काय रजा लागते?

फोटोवाल्याकडे
आधी ती बसली, मग मला बसवलं.
केस मागे घ्या, तो म्हणाला, कान दिसू देत.
आईनेच पुढे होऊन माझे केस मागे सारले,
थांबली.
असेच होते केओचे, म्हणाली, बाहेर आलेले.
आम्ही तिला सुगडी म्हणायचो, दोन्हीकडून धरून उचलता येईल म्हणून.
कधी बोलली नाहीस, मी म्हटलं.
हलू नका, फोटोवाला म्हणाला.