वेळापत्रक

निवृत्तीच्या दुसऱ्या सोमवारी
रोपं आणायला आजगावला गेले.
पिशवीत यादी, यादीत गुलाब,
तीन रंगांचे.
बाबल सातार्डेकरानं यादी वाचली,
होती तशी घडी घालून
माझ्याच पिशवीत परत ठेवली.
"बाये, दर्या किती लांब तुझ्या घरापासून?"
दोन कुणगे आणि सुरूचं बन, म्हटलं.
"मगे गुलाब नुको. खारो वारो लागलो काय
पानां कागदासारखी करपतत."

मग विचारलं, "तू उठतंस किती वाजता?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.
एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या स्टँडवर
काचेमागे बसून मी दुसऱ्यांच्या वेळा सांगितल्या:
सावंतवाडी साडेपाच, पणजी सहा-दहा,
रेडी मार्गे जाणारी आज रद्द,
प्रवाशांनी नोंद घ्यावी.
माझी वेळ कुठल्याच फलकावर नव्हती.
चारला, म्हटलं. आता गरज नसली तरी.

"चाराक." कानामागची पेन्सिल काढून
त्यानं सिमेंटच्या पोत्यावर लिहिलं.
"मगे समुद्रफळ. विहिरीच्या पाटाक लाव.
राती फुलता, उजवाडता उजवाडता गळता.
तुका गळताना दिसात."

असं मग एकेक ठरत गेलं.
गुलबक्षी, चहाचं आधण ठेवायच्या सुमारास,
थोडी मागेपुढे होईल, आमच्या गाड्या तरी कुठे वेळेवर यायच्या.
तगर बारा महिने,
तिला विचारावंच लागत नाही.
अनंत एक, पायरीशी.
त्याचं फूल दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं
धुतलेल्या खिशात सापडलेल्या तिकिटासारखं.
प्राजक्त नको. "कोण वेचतला?" बाबलनंच विचारलं
आणि माझ्या कमरेकडे बघितलं.
पांढरा चाफा आईला अंगणात चालला नसता.
आई जाऊन सहा वर्षं झाली.
घेतला.
रिक्षा सुरू झाली तशी उतरून परत दिला.

सुरंगीचं रोप नव्हतं त्याच्याकडे.
"रुजाक खूप वेळ काढता. आणि फुलाक
धा-बारा वर्सां. नर काय मादी
तां फुलल्याशिवाय कळणा नाय."
मी काही बोलले नाही.

सगुण परब शिरोड्याची पहिली गाडी घेऊन यायचा.
मार्चात, आरवलीच्या थांब्यावर पोरी वळेसर विकायच्या,
त्यातला एक आरशाला अडकवलेला,
एक माझ्या खिडकीच्या फटीतून आत.
"लॉगशीट," एवढंच म्हणायचा, आणि लॉगशीट द्यायचा.
दुपारपर्यंत सगळ्या नोंदवहीला वास.
मग त्याची बदली देवगडला झाली.
बदलीचा कागद माझ्याच टेबलावरून गेला.

घरी येऊन पश्चिमेच्या कोपऱ्यात
मी तरीही एक खड्डा काढून ठेवला.
शेणखत, राख, मूठभर कुटी.
बाजूला काठी रोवली.
शेजारची सुलभा म्हणाली, ह्यात काय?
राखीव, म्हटलं.

दोन पावसाळे तो तसाच राहिला.
तिसऱ्या वर्षी त्यात जाड, तकतकीत
चार पानं उभी.
बाबल बघायला आला, वाकला, हसला.
"उंडी. वटवाघळान आणून टाकल्यान.
वाऱ्याक हीच बरी. काढू नुको."
तिकीट नाही, आरक्षण नाही,
खिडकीजवळची जागा धरून बसलेली.
एकतीस वर्षांत असे किती उठवले मी.
हिला पाणी घातलं.

समुद्रफळ चौथ्या वर्षी फुललं.
लांब लोंबत्या माळा, गुलाबी झुबके,
दिवा न लावता दिसत होते.
मी पायरीवर बसले, अंगावर शाल, हातात घड्याळ,
जुनी खोड.
पहिलं फूल पाटात पडलं
तीन वाजून पन्नास मिनिटांनी.
दहा मिनिटं लवकर.

कुणाला कळवलं नाही.