दोष आढळला नाही

चारशे सतरा नंबरची रायफल
भदौरियाच्या हातात अडकते,
माझ्या हातात नाही.

तो म्हणतो, मास्टर, कसम से, काल दोनदा.
रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता
गोठ्याच्या दारात म्हैस उभी राहावी
तशी आडवी राहिली.
मी रेंजवर नेतो, वीस झाडतो.
विसाच्या वीस पुंगळ्या उजवीकडे, लाह्यांसारख्या.
रजिस्टरात लिहितो : दोष आढळला नाही.
एकोणीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय
की पेन न बघता वळतं.

भदौरिया वाद घालत नाही.
रायफल परत घेताना फक्त
माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतो.
सोमवारपासून त्याची ड्यूटी बीहडात.
तिथे रजिस्टर नसतं.

रोजचा बिघाड बरा, समोर येऊन उभा राहतो.
हा कधीतरीचा,
पाहुणे आले की शहाण्या होणाऱ्या पोरासारखा.

जुनी चादर अंथरून सगळे भाग मांडले.
गॅसची नळी घासली, दट्ट्या उजेडात फिरवून पाहिला.
मॅगझिनांवर बायकोच्या डाळिंबी नेलपॉलिशचे ठिपके दिले,
एक, दोन, तीन. तिन्ही निर्दोष.
दोन दिवस दोष दिला
खाणीवरून येणाऱ्या पिवळ्या धुळीला.
तिसऱ्या दिवशी भदौरियाच्या खांद्याला :
पकड ढिली आहे तुझी.
तो हसला नाही.

गुरुवारी भर दुपारी, ग्वाल्हेरचा मे महिना,
त्याला झाडायला लावलं आणि मी मोजत बसलो.
नळीवर हात ठेववेना.
सत्ताविसावी अडकली.
सावलीत ठेवली, पाणी प्यालो, पुन्हा दहा. काही नाही.
पुन्हा तापवली. पुन्हा आडवी.

म्हणजे तापल्यावर.
म्हणजे पुंगळी ओढणारं ते नख,
नखामागची करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग.
शेजारच्या रायफलीतली काढून बाजूला ठेवली :
हिची तांदळाच्या दाण्याएवढी तोकडी.

रजिस्टर मागे मागे उलटत गेलो.
चार वर्षांपूर्वी, मागणीपत्राला उत्तर नाही म्हणून
मोडीत काढलेल्या रायफलीची स्प्रिंग
हिला बसवली. शेरा : तात्पुरती.
अक्षर माझं. शेवटची वेलांटी ऐटीत ओढलेली.

पुण्याची भाची हसते माझ्या मराठीला.
मामा, 'दिवा बंद करून दे' असं कोण म्हणतं?
आमच्या लष्करात सगळे म्हणतात.
तीन पिढ्यांपूर्वी कुणीतरी शेजारच्या बोलीतून काढून
तो 'दे' बसवला असेल, तात्पुरता.
थंड असलो की चालतो.
तापलो, भांडायला उठलो, की वाक्य मधेच आडवं पडतं
आणि हिंदीनं ओढून काढावं लागतं.
भाचीला हे सांगायला गेलो
तेव्हाही अडकलोच.

स्टोअरच्या देवकीनंदनसमोर तीन तास बसलो,
दोन चहा, एक पाव गजक,
तेव्हा कुठे कागदात गुंडाळलेली नवी स्प्रिंग मिळाली.
संध्याकाळी साठ झाडल्या, न थांबता, तापवून तापवून.
ठीक हो गई? भदौरियानं विचारलं.
पेन आपोआप वळायला लागलं, मी ते थांबवलं.
न अडकणं म्हणजे बरं होणं
हे कुणी ठरवलंय?
लिहिलं : स्प्रिंग बदलली. साठ झाडल्या.
आज अडकली नाही.
वरची जुनी ओळ खोडता येत नाही, नियम आहे.
तिच्याखालची सही माझीच.

मग पुंगळ्या मोजून पोत्यात भरल्या.
एकोणसाठ.
पुन्हा मोजल्या, एकोणसाठ.
किल्ल्यावरचा उजेड जाईपर्यंत
दोघं वाळक्या गवतात ओणवे,
न बोलता, हातांनी चाचपत.
त्याच्या बुटाच्या टाचेखाली निघाली,
मातीत रुतलेली,
चिमटीत धरली तर अजून कोमट.