नुसतं सोला

साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा,
शटरवर अजून जुन्या चेनवाल्याचं नाव.
शेजारचं खोक्यांचं मशीन पावणेनऊला बंद होतं
म्हणून आमचा प्रयोग नऊला.
तिसरी घंटा नाही.
ऋत्विजा शटर खाली ओढते, गुडघ्यापर्यंत,
त्या खडखडाटालाच आम्ही घंटा म्हणतो.

मालिकांमध्ये मी बाप असतो.
चौदा मुलींची लग्नं लावून दिली आजवर,
दोघींच्या पाठवणीला खरा रडलो,
बाकीच्यांना ग्लिसरीन.
व्यावसायिकवर होतो तेव्हा
टाळी घेऊनच विंगेत जायचो,
नाही आली तर दारात रेंगाळायचो
चप्पल शोधत असल्यासारखा.

इथे मला नाव नाही. संहितेत नुसतं 'तो'.
'तो' बंद पडलेल्या खानावळीत बसतो
आणि लसूण सोलतो.
अकरा मिनिटं. एक शब्द नाही.

पहिल्या तालमीला मी उसासा टाकला,
खांदे जरा पाडले,
पाकळी उजेडात धरून कुणाची तरी आठवण काढली.
ऋत्विजा गावंड, वय सव्वीस,
डब्यातली पोळी खात म्हणाली,
काका, अभिनय नको. नुसतं सोला.
त्या 'नुसतं'वर दोन रात्री झोप नाही.
घरी दीड किलो सोलला.
बायको म्हणाली, तुझं हे नाटक
आपल्याला पावसाळाभर पुरेल.

आज चौथा प्रयोग. खुर्च्या चाळीस, माणसं सतरा,
त्यातली पाच आमचीच,
एक परीक्षण लिहिणारा,
म्हणजे लिहील असं आम्हाला वाटणारा.
सातव्या मिनिटाला फ्यूज गेला.
पंखे कुरकुरत थांबले. काळोख.
शटरखालून बोळातला पिवळा पट्टा,
तोही पहिल्या रांगेच्या चपलांपुरता.

तीस वर्षांचं सगळं एकदम अंगात आलं:
सांभाळून घे, काहीतरी बोल,
वीजबिलावर एखादा विनोद, हशा नक्की.
तोंड उघडलंही होतं.
पण नखाखाली एक पाकळी होती, अर्धी सोललेली.
ती पुरी केली.
मग दुसरी.

सालाला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.
इतका बारीक
की सतरा माणसं तो ऐकायला श्वास धरून बसली,
किंवा घाबरलीही असतील, मला काय दिसणार.
वास तेवढा रांगेरांगेतून मागे गेला,
कुणीतरी शिंकलं.
मोबाइल कुणी काढला नाही.

शटरखालून वाकून वॉचमन पाष्टे आत आले,
बॅटरी घेऊन, मीटरची पेटी शोधत.
पेटी माझ्या डोक्यावर.
झोत हातांवर पडला आणि तिथेच थांबला.
मी सोलत होतो.
नाटक चालू आहे हे कळून ते थांबले
की न कळून,
चार मिनिटं मनगट हललं नाही.
इतका स्थिर उजेड आमच्या विहंगला
चार प्रयोगांत एकदाही जमलेला नाही.

नाटक ब्लॅकआऊटने संपतं.
तो आता पाष्ट्यांच्या हातात.
शेवटची पाकळी वाटीत टाकली,
मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं.
त्यांनी बटण दाबलं.

टाळ्या उशिरा आल्या, सुट्या सुट्या.
मी डोळे पुसत होतो.
लसणाचा हात लागला होता, बाकी काही नाही.

पाकिटात तीनशे. घरापर्यंत रिक्षा दोनशे साठ.
ऋत्विजा काही बोलली नाही,
फ्यूजची तार शोधत राहिली.
पाष्टे वाटीपाशी घुटमळले.
साहेब, हा आता वाया जाणार का?
संहितेचं एक पान फाडून पुडी बांधून दिली,
कुठलंही चाललं असतं,
माझं वाक्य एकाही पानावर नाही.

उद्या पण आहे का हे?
उद्या नाही, शनिवारी.
शनिवारी मला दिवसपाळी, ते म्हणाले,
आणि शटर पूर्ण वर ढकललं.