ळ कमी पडायचा

आमच्या छापखान्यात ळ कमी पडायचा.
पाळक, मेंढपाळ, कळप, बाळ, वेळ,
आणि शेवटी परत लेखकाचं नाव:
रेव्हरंड एलिया हिवाळे, जालना.
दीड पानातच खण रिकामा.
"थांबा पाळकसाहेब," मी म्हणायचो,
"हे पान छापून खिळे सुटू द्या,
मग हाकू तुमचा पुढचा कळप."

ते थांबायचे. लुना स्टँडला लावून
कागदाच्या रिमवर बसायचे,
एका हातानं गुडघा दाबत
दुसऱ्यानं स्वतःचंच प्रूफ खोडायचे.
"विशेषणं काढ, बशीर.
मयताला ओझं होतं."

पुस्तकं सगळी मयतांचीच.
दफनाच्या नोंदवहीत नाव, वय, आजार,
एवढीच जागा. उरलेला माणूस
ते घरी न्यायचे
आणि जुन्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे.
मिशन दवाखान्यातली आया,
पोर जन्मलं की आधी त्याचे कान बघणारी.
रोलिंग मिलमध्ये भाजलेला रांचीकडचा पोरगा,
ज्याचं नाव ठेकेदारालाही माहीत नव्हतं.
त्याच्यासाठी तीन दिवस हिंडले
गेटावर, खोल्यांवर, टपऱ्यांवर,
चौथ्या दिवशी घामेघूम आत आले:
"लाव. अनुग्रह टोप्पो.
ग्र नीट बघ, तुटका नको."

संत वगैरे नव्हते.
पेटी बेसूर वाजली की उपदेश अर्ध्यात सोडून
वाजवणाऱ्याकडे बघत राहायचे.
दुसऱ्या पुस्तकाचे चारशे रुपये
अजून माझ्या वहीत आहेत.
थोरला मुलगा चर्चची पायरी चढत नाही;
त्याचा विषय निघाला
की प्रुफं गोळा करून उठायचे.

तीनशे प्रती काढायचो. शंभर खपायच्या.
पण गावाला खोड लागली.
बियाण्यांचा व्यापारी त्यांना रस्त्यात अडवायचा,
"आमच्या मुनीमजींचं लिहाल का?"
कुंडलिकेपलीकडून एक कासारीण आली,
बांगड्यांच्या पेटीसकट, नवऱ्याचं सांगायला.

माझी अम्मी गेली तेव्हा
कब्रस्तानाच्या भिंतीशी उभे होते, टोपी हातात.
आठवड्यानं विचारलं, "काय काय करायच्या त्या?"
मी दोन तास बोललो.
त्यांनी अडीच ओळी लिहिल्या.
त्या मीच जुळवल्या. हात थरथरला नाही,
एक ळ तेवढा उलटा बसला.
त्यांनी पाहिला. खुणेची पेन्सिल
कानावरच ठेवली.

आता कॉम्प्युटर. ळ हवे तेवढे.
साहेब जानेवारीत गेले.
कमिटीनं स्मृतिपत्रिकेचा मजकूर पाठवला:
थोर, त्यागी, प्रेमळ, कनवाळू, प्रभूचे निष्ठावंत सेवक.
मी छापलं:
एलिया हिवाळे. पाळक. लिहायचे.
खाली दोन तारखा.

अवचार सर गठ्ठा घेऊन दुकानात,
"हे काय करायलास बशीरभाई?
प्रेमळ कुठंय? कनवाळू कुठंय?"

मी मशीन बंद केली.
म्हणालो, सर,
ळ कमी पडला.