रकाना क्रमांक सात

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पंखा नुसता करकरतोय.
फॉर्मवर छापलंय :
'अध्यापनाविषयी आपले तत्त्वज्ञान. शंभर शब्दांत.'
शेजारचे सोनवणे सर मोबाइलवरून उतरवतायत :
बालकेंद्री, आनंददायी, सर्वांगीण.
माझं पेन अडलंय
नंदुरबारबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर.

जानेवारी. नजर जाईल तिथवर लाल.
खिडकीला ओला पंचा बांधून
आम्ही शिंकत शिंकत गणितं सोडवत होतो.
मी मोठ्या हौसेनं गणित घातलेलं,
परिसराशी जोडलेलं, साहेबांना आवडेल असं :
आईनं वीस किलो मिरची खुडली,
किलोला दहा रुपये, तर मजुरी किती?

जामनी वळवीनं लिहिलं : एकशे ऐंशी.
मी फुली मारली. लाल शाईनं, ठसठशीत.

ती वही घेऊन गेली नाही. उभीच राहिली.
मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली,
"सर, देठ कोन तोलस?
वीसमा दोन किलो ते देठज ऱ्हातस."

मी तिच्या वहीवरून हात फिरवला
आणि सवयीनं डोळा चोळला.
पुढची पंधरा मिनिटं
वर्गाला वाटलं, सर रडतायत.
जामनीनंच पाणी आणलं,
आणि सांगितलं, चोळू नका, आधी तेल लावा हाताला.

लाल शाई खोडरबरानं जात नाही.
फुलीच्या शेजारी मी 'बरोबर' लिहिलं,
दोन्ही तशीच आहेत त्या पानावर.

खरं तर मला आठवायला हवा दिलवर.
शहाद्याकडच्या शाळेत, नोकरीचं पहिलं वर्ष.
त्याचं कुठलं उत्तर चुकलं होतं
आता आठवत नाही.
तळहाताला लागलेली
त्याच्या गालाची ऊब आठवते.
दिवाळीनंतर ते लोक ऊसतोडीला गुजरातेत गेले.
माझी बदली होईपर्यंत
हजेरीत त्याच्या नावापुढे मी गैरहजरीची खूण करत राहिलो,
रोज, सुवाच्य अक्षरात.
त्याला विचारलं नव्हतं.

रकाना सातमध्ये लिहितो :
चूक दिसली की आधी विचारतो, कसं काढलंस?

सोनवणे सर डोकावतात.
"सातच शब्द? त्र्याण्णव उरले की हो.
माझ्यातले घ्या थोडे."

बाहेर वारा फिरला असावा.
पथारीवरून काहीतरी आत येतं,
आणि तत्त्वज्ञान लिहिणारा सगळा हॉल
एकदम शिंकतो.