तीनशे सोळा

पंचायतीत विचारलं, स्टीलच कशाला?
चिरा आहे की आपला, घरचा, स्वस्त.
म्हटलं, चिरा चांगलाच, पण दोन पावसांत
नावांवर शेवाळ चढतं, तिसऱ्या पावसात
माणूस कोण होता ते बोटानं चाचपावं लागतं.
लोखंड? कुटबणच्या धक्क्यावरचा जुना खांब बघा,
पापुद्रे सुटतायत.
इथं मीठ वाऱ्यातून येतं, दार न वाजवता.

मग बाजारातलं स्टील?
ते तीनशे चार. जेवायच्या ताटाला पुरतं.
समुद्रासमोर उभं केलं तर वर्षात
अंगावर चहा सांडल्यासारखे डाग.
तीनशे सोळा घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं.
तो शब्द म्हणून बघताना इनासबाब हसले,
ट्रॉलर गेल्यापासून पहिल्यांदा.

तीस वर्षं कुंकळ्ळीच्या शेडमध्ये
मी रेलिंगं केली, टाक्या केल्या,
काजूच्या कारखान्याच्या ट्रॉल्या.
स्मारक हे पहिलंच.
पोरांना बजावलं, लोखंडी ब्रश जवळ आणू नका,
त्याचा कण चिकटला तर गंज त्याचा, बदनामी याची.
ओरखड्याला मात्र भिऊ नका.
हवा लागली की हा धातू
स्वतःच स्वतःवर साय धरतो,
डोळ्यांना न दिसणारी.
हे मी बुडालेल्यांच्या घरच्यांना सांगितलं नाही.
त्यांच्यासमोर असलं बोलायला जीभ रेटत नाही.

पाच जण होते.
चौघांची नावं कागदावर आली, आडनावासकट, वाड्यासकट.
पाचवा टुकुना.
खलाशी, ओडिशाचा, एवढंच.
तांडेल बुडाला, त्याची वही बुडाली,
मुकादमाचा फोन लागत नाही.
कोणीतरी म्हणालं, 'आणि एक' असं लिहा.
मी मशीन बंद करून चहाला गेलो.

संध्याकाळी आंजेलीन आली, मासळीच्या पिशवीत ताट घेऊन.
तिच्या मागच्या खोलीत राहायचा तो, भाडं थकवत.
ताट पालथं केलं. काठाला टिंबाटिंबांनी कोरलेलं,
आपल्या भांड्यांवर असतं तसं:
मामाकडून, अमक्याच्या लग्नात, तारीख.
पण ही अक्षरं सगळी गोल,
डोक्यावर छत्री घेतलेली.
जेटीवरच्या एका पोराला बोलावलं.
त्यानं बोट फिरवत वाचलं, कुंतला बेहेरा.
बाईमाणसाचं नाव. आई असेल.
किंवा बायको, तो म्हणाला,
आणि बर्फ फोडायला परत गेला.

टुकुनाच्या शेजारी मी ती अक्षरं
छत्र्यांसकट उतरवली.
मध्ये 'चा' नाही, 'ची' नाही,
नातं आम्हाला ठाऊक नव्हतं.
चार वेळा मोजलं, एक टिंब चुकू नये म्हणून.

बिलाच्या मागं लिहून दिलं:
गंजणार नाही, पण मीठ बसेल.
वर्षातून दोनदा गोड्या पाण्यानं, मऊ फडक्यानं.
सरपंचांनी न वाचता सही केली.
आंजेलीननं वाचून घेतलं, माझ्याकडून, दोनदा.
राख चालेल?
म्हटलं, राख नको, चरे पडतात.
ताट मागून घेतलं तिनं,
पिशवीत घातलं, आणि म्हणाली,
हे मात्र मी राखेनंच घासणार,
तो तसंच घासायचा.