पाणी उकळेपर्यंत

काचही फुंकतात, सिगारेटही फुंकतात.
चाळीस वर्षं मी दोन्ही फुंकत आलो.
एकीचा पगार मिळाला,
दुसरीत तो गेला.

नोव्ही बोरच्या भट्टीवर पहाटे पाचला माझी पाळी.
लोखंडी नळीच्या टोकाला वितळता गोळा, मधासारखा,
सतत फिरवत राहायचा,
थांबलात की एका कुशीला ओघळतो.
फेब्रुवारीत झुंबराचा एक पेला
गळ्यापाशी फाटला. श्वास पुरला नाही.
कोणी काही बोललं नाही.
शिकाऊ हानुशसुद्धा जमिनीकडे बघत राहिला,
तेच लागलं.

अकरावा दिवस.
गालात जर्दाळूची बी.
हानुश म्हणतो, ओल्द्रिख, तू खारीसारखा दिसतोस.

तलफ ओरडत येत नाही.
ओळखीच्या माणसासारखी येते,
दार न वाजवता,
खुर्ची ओढून बसते, विचारते, काय रे, कसं चाललंय?
कॉफीनंतर येते. बहिणीच्या पत्रानंतर येते.
बस चुकली की येते,
बस वेळेवर आली तरी येते.

मंगळवारी दवाखान्याच्या तळघरात आम्ही सात जण जमतो.
एक दंतवैद्य, दोघी नर्सा,
एक ट्रकवाला, व्होइतेख,
ज्याने तीनदा सोडली, तीनदा धरली,
आणि दर वेळी परतताना केक घेऊन आला.
खुर्च्या मांडते ब्लाझेना.
तिची सुटली त्याला बरीच वर्षं झाली,
किती ते ती मोजत नाही, किंवा सांगत नाही.
बुटांच्या बिलाच्या पाठीवर नंबर लिहून दिला तिने मला.
म्हणाली, बोलायला काही सुचलं नाही तरी लाव.

रात्री सव्वाअकराला लावतो.
ती फोन किटलीशेजारी ठेवते, गॅस पेटवते.
पहिल्या रात्री काडी ओढल्याचा आवाज ऐकला
आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.
तसं मी सांगितलं.
तेव्हापासून ती आधी पेटवते, मग फोन उचलते,
म्हणून घंटी सहा वेळा वाजते.

मग तळाशी वाळू सरकल्यासारखं काहीतरी.
मग बारीक किरकिर.
झाकण थरथरतं.
चार मिनिटं, कधी पाच.
शिटी झाली की ती म्हणते, झालं.
मीही म्हणतो, झालं.
त्यानंतर ती चहा घेते का, ठाऊक नाही.
इतक्या रात्री इतका चहा कोण पिणार.

एकोणिसाव्या दिवशी ओढली.
अर्धी.
कारखान्यामागे, भंगार काचेच्या ढिगापाशी,
पाठ भिंतीला लावून, शाळेतल्या पोरासारखी.
उरलेली अर्धी विझवली तेव्हा
बोटं थरथरत होती, भट्टीपुढे कधी थरथरली नव्हती.

मंगळवारी सांगितलं.
वाटलं, खुर्च्या मागे सरकतील.
व्होइतेखने विचारलं, कुठला ब्रँड?
सगळे हसले, मीही.
मग दंतवैद्य रडू लागला,
त्याचं कारण वेगळं होतं, ते त्याचं.
खरं तर भंगार काच आम्ही फेकत नाही,
नव्या काचेत घालतो, तिच्यामुळे सगळं लवकर वितळतं.
पण हे मी तिथे बोललो नाही.
फारच गोड वाटलं असतं.

पुन्हा एकपासून मोजायला लागलो.
मग बाविसाव्या दिवशी मोजायचं राहून गेलं.

काल मध्यरात्री माझाच फोन वाजला.
व्होइतेख. लिंझच्या अलीकडे कुठेतरी,
ट्रकांच्या तळावर, खिडकी खाली केलेली,
शेजारच्या केबिनमधून धूर येत होता म्हणाला,
आणि गप्प झाला.
माझ्याकडे शिटीची किटली नाही.
साधं पातेलं घेतलं, नळ सोडला,
शेगडीवर ठेवलं, फोन जवळ धरला.
त्याच्या बाजूने इंजिनाची घरघर,
माझ्या बाजूने काहीच नाही.
पाणी ढिम्म.
आम्ही दोघे ऐकत राहिलो.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
अरे, झाकण ठेव.